नवं भात कोणत्या धर्माचं?

आश्विन सरत आला की शेणव्याच्या आजूबाजूच्या खाचरांत हळवं भात कापणीला येतं. गरवं अजून उभं असतं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या जुन्या रिवाजात हे नवं धान्य लगेच शिजवून खायचं नसतं. आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, मग घरच्यांनी खायचं. वारल्यांमध्ये तर धान्य हीच देवी. तिचं नाव कणसरी.

हा रिवाज मुळात कोणाचा, यावर आम्हा शिक्षकांत दरवर्षी वाद होतो. कोणी म्हणतं हिंदूंचा, कोणी म्हणतं आदिवासींचा धर्मच वेगळा. मग कोणीतरी माझ्याकडे वळतं, "सर, तुमच्यात शेतीचा सण नसतो ना?" प्रश्न साधा असतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : या मातीशी तुमचं नातं काय?

आधी बळीराजाकडे पाहू. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी ज्याची आठवण काढतात तो बळी पुराणात दानशूर आहे. वामनाला तीन पावलं जमीन देण्याचा शब्द त्याने पाळला. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त हीच कथा उलट बाजूने वाचली आणि बळीला कष्टकऱ्यांचा राजा ठरवलं. अर्थ दोन निघाले, पण देणारा बळी दोन्हीकडे आहे.

आता शेजारच्या कुलाब्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले बेने इस्रायली पाहा. हे मराठी बोलणारे ज्यू. तिश्री हा त्यांचा महिना सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्या महिन्यात ते 'नव्याचा सण' आणि 'खिरीचा सण' पाळत. खीर नव्या धान्याची. सणांची हिब्रू नावं मागे पडली, खीर टिकली. तौरातमध्ये, लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात, स्पष्ट हुकूम आहे की पहिली पेंढी देवापुढे आणेपर्यंत नव्या पिकातलं काही खाऊ नये. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेली कणसं गरिबांसाठी सोडावीत, असंही तिथेच आहे. आपल्याकडे या पडलेल्या कणसांना सरवा म्हणतात.

आणि आम्ही मुसलमान? आमचे सण चांद्र हिजरी वर्षाने चालतात. ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. शेतसाऱ्याचा मेळ बसेना म्हणून अकबराच्या काळात फसली साल सुरू झालं. 'फसल' अरबी, 'खरीप' अरबी, 'रब्बी'ही अरबी. हे शब्द शेणव्यातला शेतकरी रोज बोलतो.

सणाची तारीख ठरलेली नसली तरी कापणीच्या दिवसाचा हिशेब आमच्यात ठरलेला आहे. कुरआनच्या सूरह अनआममध्ये, आयत 141 मध्ये, पीक कापाल त्या दिवशी त्याचा हक्क द्या, असा आदेश आहे. यालाच उश्र म्हणतात : पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. सूरह कलममध्ये बागवाल्यांची गोष्ट येते. गरीब आत येऊ नयेत म्हणून पहाटेच गुपचूप तोडणी करायचं त्यांनी ठरवलं, आणि सकाळी पाहतात तर बाग उजाड.

देवाला दाखवलेलं अन्न मुसलमानाने खावं का, हा आलिमांचा विषय; त्यात मी शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच की धान्य सर्वस्वी आपलं नाही, त्यात पहिला वाटा दुसऱ्याचा, ही गोष्ट प्रत्येकाने आपापल्या भाषेत सांगितली. खळ्यावर बलुतं वाटलं जाई तेही याच समजुतीने, आणि अनेक गावांच्या बलुतेदारांत मुलाणाही होता.

आज खळ्यावरची ती रास वाटली जात नाही. भात मळणीयंत्रातून निघून थेट पोत्यात आणि व्यापाऱ्याकडे जातं. माझ्या वर्गात ज्यांच्या घरी एक गुंठाही खाचर नाही अशी कातकरी मुलं आहेत. त्यांची आई सरवा वेचते, उंदरांच्या बिळांतलं भात उकरते. सण कोणाचा यावर भांडण्याआधी हिंदू, मुसलमान, आदिवासी सगळ्यांनी या मुलांच्या घरी पहिला वाटा पोचला का, हे विचारावं. तो पोचत नसेल, तर सणाचं मूळ आपण सगळ्यांनीच विसरलं आहे.