जालन्याच्या छावणीचा जमाखर्च

कुंडलिकेच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशी या शहराची ठेवण ज्याच्या नित्य परिचयाची आहे, त्याला सदर बाजार हे नाव ऐकून विशेष काही वाटत नाही. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्यावरचा छाप जसा वाचवेनासा होतो, तसा पेठांच्या नावांचा अर्थही तेथील रहिवाशांना दिसेनासा होतो. सदर बाजार म्हणजे छावणीचा बाजार. शिपायाला पीठमीठ, घोड्याला चंदी आणि साहेबाच्या मेजावर लागणारी चीजवस्त पुरविण्यासाठी पलटणीच्या पाठोपाठ तो वसत असे. जालन्यास अशी छावणी पाऊणशे वर्षे होती. पराक्रमाच्या अंगाने तिचा इतिहास लिहू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. परंतु जमाखर्चाच्या अंगाने पाहू गेल्यास तो अत्यंत उद्बोधक आहे, कारण जी फौज पोसण्याची गरज हैदराबाद संस्थानाला नव्हती, जिच्यावर हुकूम चालविणाऱ्या इंग्रज सत्तेने कित्येक वर्षे तिच्या खर्चाची तोशीस स्वतःस लागू दिली नाही, अशा फौजेचा पैसा ज्या कुळांच्या खळ्यांतून निघाला, त्यांना याबाबत कोणी कधी काही विचारलेही नव्हते.

सरकारने रयतेकडून द्रव्य घ्यावे, ही गोष्ट या गावाला नवी नव्हती. ‘जालना, सोने का पालना’ ही दख्खनी बोलीतील म्हण ज्या सुबत्तेची साक्ष देते, त्या सुबत्तेतून निजामशाही, मोगलाई आणि आसफजाही या तिन्ही राजवटींनी आपापला भाग उचलला, आणि १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या फौजेनेही ही पेठ लुटली. पण घेतलेल्या द्रव्यातून गावाला काही परत मिळाल्याचे दाखलेही येथेच आहेत. सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या अंमलदाराने मशीद व सराई बांधली आणि गावाच्या पश्चिमेस तलाव खोदून त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीत आणले. १७२५ मध्ये पहिल्या निजामाच्या हुकुमावरून काबिलखानाने गढी उभारली. तिचा उपयोग रयतेपेक्षा अंमलदारालाच अधिक होता हे खरे असले, तरी संकटसमयी तिच्या आड दडता तरी येत होते. जमशेदखानाचे नळ पुढे मोडून पडले. ते दुरुस्त करण्यास पैसा नव्हता, असे म्हणता येणार नाही. पैसा कोठे जात होता, ते आता पाहावयाचे आहे.

१८०३ चा भाद्रपद–आश्विन या मुलुखाने कसा काढला असेल, याची कल्पना आज करवत नाही. इंग्रज व मराठे यांच्या युद्धात २ सप्टेंबर रोजी इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला शिंद्यांच्या शिबंदीकडून घेतला. २१ तारखेस बदनापुरास जनरल वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोन वाटांनी चाल करावयाचे ठरले. आणि २३ तारखेस केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात, भोकरदन तालुक्यातील असई या लहानशा गावाच्या शिवारात, जी लढाई झाली तिच्यात जिंकणाऱ्या इंग्रजांचीच दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरास सुर्जी अंजनगावी तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील जो मुलूख शिंद्यांनी सोडावयाचा होता, त्यात जालन्याचा किल्ला व परगणा नाव घेऊन नमूद केलेला आहे. अशा रीतीने जालना निजामाच्या पदरात पडले. त्याची किंमत मात्र पुढे हप्त्याहप्त्याने वसूल व्हावयाची होती.

येथे याआधीच्या एका तहाच्या कलमाकडे वाचकांचे लक्ष वेधणे भाग आहे. १८०० च्या तहान्वये निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा इत्यादी जिल्हे ईस्ट इंडिया कंपनीला कायमचे तोडून दिले होते. म्हणजे संरक्षणाचे मोल एकदा जमिनीच्या रूपाने चुकते झाले होते. त्याच तहाच्या बाराव्या कलमात असे होते, की युद्धप्रसंगी निजामाने आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार स्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावेत. युद्धप्रसंगी, एवढीच त्याची मर्यादा होती. परंतु १८११ मध्ये हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आलेल्या हेन्री रसेलने या कलमाचा धागा पकडून, निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली, कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना प्रथम त्याच्याच नावाने रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे तिची हैदराबाद कंटिंजंट झाली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दक्षिणेत लढावयास शत्रू उरला नाही, आणि ज्या प्रसंगासाठी फौज मागितली होती तो प्रसंगच संपला. फौज मात्र राहिली, वाढली, आणि तिचा खर्च वर्षास सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. जालन्याची आखीव छावणी १८२७ ची. दिवाण चंदुलाल हे रेसिडेन्सीच्या पाठिंब्याने अधिकारावर टिकून होते, आणि ज्याच्या आधाराने आसन टिकते त्याच्या मागणीला नकार देण्याची प्रथा कोणत्याच दरबारात नसते.

वर्षाला ४० लाख रोख आणावयाचे कोठून? महसूल वर्षातून दोनदा, सुगीच्या मागून येतो. शिपायाचा पगार महिन्याच्या महिन्यास द्यावा लागतो. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे सरसावली. युरोपियनांनी देशी राजांस कर्ज देऊ नये, असा विलायतेचा कायदा असता, १८१६ मध्ये या पेढीला त्यातून खास सूट मिळाली. तिचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या घरात वाढलेली होती, ही गोष्ट त्या काळीही कोणास योगायोगाची वाटली नाही. व्याजाचा दर शेकडा चोवीस–पंचवीस. त्यातील औरंगाबादेच्या फौजेचा व्यवहार आपल्या विषयाशी निगडित असल्यामुळे थोडा तपशिलाने सांगतो. पेढीने फौजेच्या पगारासाठी दरमहा दोन लाख रुपये द्यावेत, आणि त्याबदल्यात सरकारने तिला वर्षाकाठी तीस लाखांच्या वसुलाच्या तनखा तोडून द्याव्यात, असे ठरले. दरमहा दोन म्हणजे वर्षास चोवीस, चोविसासाठी तीस. गावचा मारवाडीही असा करार करताना मनात थोडा कचरला असता. १८२० मध्ये पेढीने आणखी साठ लाखांचे कर्ज दिल्याचे जाहीर झाले, आणि हेतू म्हणून कारभाराची सुधारणा असे लिहिले गेले. रसेलनंतर आलेला चार्ल्स मेटकाफ यास संशय येऊन त्याने वह्या तपासल्या, तेव्हा साठ लाखांची रोकड कधी हललीच नव्हती. जुन्या बाकीवर नव्या रकमेचा शिक्का मारण्यात आला होता आणि भागीदारांच्या नजराण्याचे आठ लाखही त्याच आकड्यात मिळवलेले होते. हे गळू फोडण्यासाठी १८२३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून येणारी उत्तर सरकार प्रांताची सात लाखांची वार्षिक पेशकश निजामाने कायमची सोडली आणि एकरकमी १ कोटी १६ लाख ६६ हजार रुपये घेऊन पामरचे देणे वारले. दरसालचे उत्पन्न गेले, फौज तशीच उभी राहिली, आणि नवे सावकार शोधण्यास चंदुलाल मोकळे झाले.

नवे सावकार मिळालेच. पेस्तनजी मेहेरजी व त्यांचे बंधू यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाड व औरंगाबादकडील महसूल गहाण पडला. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपयादेखील पडू लागला. धनकोच्या नावाने नाणे चालावे, याहून ऋणको सरकारच्या अवस्थेचे स्पष्ट चित्र मला तरी ठाऊक नाही. चंदुलाल १८४३ मध्ये पायउतार झाल्यावर त्यांच्या मागून आलेल्यांनी १८४५ मध्ये या पेढीचे गहाण तालुके काढून घेतले आणि ती पेढीही बुडाली.

आता हा बोजा दिवाणखान्यातून शिवारात कसा उतरे ते पाहिले पाहिजे, कारण हैदराबादेच्या इतिहासांत सावकारांची नावे ठळक अक्षरांत आहेत आणि कुळांची कोठेच नाहीत. तालुका मक्त्याने दिला जाई. मक्ता मिळविण्यास आगाऊ नजराणा लागे, तो तालुकदार सावकाराकडून काढी, आणि सावकार आपल्या रकमेच्या सुरक्षिततेसाठी अरब वा रोहिल्यांचा पहारा तालुक्यात बसवी. एवढे झाल्यावर वर्ष पुरे होते न होते तोच दुसरा कोणी अधिक नजराणा घेऊन दरबारात उभा राही आणि पहिल्याची उचलबांगडी होई. आपल्याला उद्याची सुगी पाहावयास मिळेल याचा भरवसा नसलेला हा अंमलदार आजची सुगी उभ्या पिकातच कापून नेणार, हे ओघानेच आले. सरकारी धाऱ्यावर पट्ट्या आणि बाबी चढत. पलटणीची कूच गावावरून गेली की रसद, गाड्या, बैल आणि वेठीची माणसे हजर करावी लागत. आणि हातात आलेला रुपया कोणत्या टांकसाळीचा, यावरून बट्टा कापला जाई.

मेटकाफने यावर उपाय म्हणून जिल्ह्यांवर देखरेखीस युरोपियन अंमलदार नेमले आणि गावोगाव पाच सालांचे कौल देवविले. ठरल्याहून अधिक मागितल्यास रयतेने दाद मागावी, अशी तजवीज होती. ज्या परकी सत्तेच्या फौजेमुळे रयत नागवली गेली, तिच्याच एका अधिकाऱ्याने तिला हा दिलासा द्यावा, हा इतिहासाचा विरोधाभास आहे. त्यात मेटकाफच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. १८२९ मध्ये निजाम सिकंदरजाह वारले आणि गादीवर आलेल्या नासिरुद्दौल्यांनी हे अंमलदार काढून न्यावेत अशी मागणी केली. स्वतःच्या राज्याचा कारभार स्वतः पाहण्याची इच्छा गैर म्हणता येत नाही, आणि गव्हर्नर जनरल बेंटिंकने, दिलेले कौल पाळले जावेत या अटीवर, ती मान्यही केली. अट कागदावर राहिली. तालुकदारांनी कौल मोडले.

कौल मोडलेल्या कुळाने काय करावे? अर्ज कोणाकडे द्यावा? तालुकदाराकडे द्यावा तर मागणी त्याचीच. दरबारात जावे तर तेथे नजराण्यावाचून पाऊल टाकता येत नाही. छावणीतील साहेबाकडे जावे तर त्याचा पगारच या वसुलातून निघतो. म्हणून त्या काळच्या रयतेचा वैताग अर्जांच्या दप्तरात सापडत नाही. तो पडीक जमिनींत आणि ओस पडलेल्या पांढरींत सापडतो: रात्री बैलगाडी जुंपून सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलुखात वा दुसऱ्या जहागिरीत, निघून जाणे ही त्या काळची एकमेव परिणामकारक हरकत होती. ज्यांच्या हातात शस्त्र होते त्यांनी ते उचलले. हदगावाकडील नोव्हा या गढीत नोवसाजी नाईक हटकर उभा राहिला, तेव्हा १८१९ च्या जानेवारीत ती गढी घेण्यास हीच कवायती फौज गेली. जिच्या खर्चाने मुलूख जेरीस आला, तिची आवश्यकता जेरीस आलेल्या मुलुखाच्या बंडाने सिद्ध व्हावी, असे हे चक्र होते. आणि असे चक्र एकदा फिरू लागले की त्यातून बाहेर पडण्याची घाई ते फिरवणाऱ्याला कधीच नसते.

छावणीत मात्र दिवस आनंदात जात. कंटिंजंटच्या इंग्रज अधिकाऱ्यांत एक थट्टेचे वाक्य रूढ होते. निजाम या पदवीला त्यांनी ‘निझी’ असे लाडके रूप दिले होते, आणि भत्ता वाढो, नवी जागा निघो, ‘बिचारा निझी भरतो आहे’ असे म्हणून ते हसत. खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीलाही या फौजेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांची संख्या अवास्तव वाटत होती. एवढेच नव्हे, तर बाराव्या कलमाच्या आधारे शांततेच्या काळात ही फौज निजामावर लादता येत नाही, हेही त्याने आपल्या टिपणीत स्वच्छ मान्य केले. हे मान्य करून त्याने काय करावे? फौजेच्या खर्चाच्या थकबाकीचा तगादा लावला.

१८५३ पर्यंत थकबाकी अर्ध्या कोटीच्या आसपास गेली होती. रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन दरबारात गेला, तेव्हा नासिरुद्दौल्यांनी त्याला असे सांगितल्याची नोंद आहे, की राजाला कमीपणा आणणाऱ्या गोष्टी दोनच: वडिलार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे, आणि इमानाने लढलेल्या फौजेला निरोप देणे. वृद्ध नवाबाची ही उक्ती उदात्त आहे यात संशय नाही. मात्र प्रजेला कमीपणा आणणारी तिसरी गोष्ट तिच्यात आली असती तर ती अधिक उदात्त झाली असती. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडील मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली झाला. त्याच महिन्यात दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि चोवीस वर्षांचे सालारजंग त्यांच्या जागी आले. मक्त्याची पद्धत मोडून १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करणारे ते हेच. जालन्यानजीक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या बेथेल वसाहतीस जमीनही त्यांनीच दिली. वऱ्हाड परत मिळावे म्हणून रोख अनामत ठेवण्याची तयारी दाखवून त्यांनी पुष्कळ लिखापढी केली. ती निष्फळ झाली. दुआब व नळदुर्ग तेवढे १८६० मध्ये परत आले.

अखेरीस १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वर्षास २५ लाखांच्या खंडाने कायमचे पट्ट्यावर घेतले आणि कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन केली. १९०३ मध्ये जालन्याची छावणी उठली. रेल्वे नुकतीच गावात आली होती. सदर बाजारातील व्यापाऱ्यांना नवी गिऱ्हाइके मिळाली आणि बाजाराचे नाव तसेच राहिले. पलटणींचे नव्याने क्रमांक लावताना त्यांना नावेही देण्यात आली. ९४ व ९५ या क्रमांकांच्या पलटणींना रसेलचे नाव मिळाले, ९६ व्या पलटणीला वऱ्हाडचे, ९७ व ९९ यांना दख्खनचे. एका रिसाल्याला गॉर्डन नावाच्या अधिकाऱ्याचे. निझीचे नाव कोणत्याच पलटणीला पडले नाही.