कलकत्त्याहून आलेले यंत्र

भिलाईतील सुपेल्याच्या बाजारालगत जो लोहमार्ग आहे, त्यावरून हावडा आणि मुंबई यांच्यामधली नागपूरमार्गे होणारी वाहतूक अहोरात्र चालते. आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून ज्यांचे या मुलुखाशी दळणवळण राहिले, त्या मराठी मंडळींपैकी कित्येकांना, १९५५च्या सोव्हिएत कराराने भिलाईत पोलादाचा कारखाना आला तेव्हा, येथे येऊन बिऱ्हाड थाटण्यास हाच मार्ग सोयीचा पडला. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याच्या ‘वंडरवॉल म्यूझिक’ या तबकडीची २०१४ची रीमास्टर आवृत्ती सुपेल्यात ऐकताना या रुळांचे स्मरण व्हावे, यास कारण आहे.

एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये मुंबईस आला, तेव्हा फोर्टातील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत केवळ मोनो ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन पट्ट्यांचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवण्याची तजवीज केली. कलकत्त्याहून मुंबईस येण्याचे मार्ग दोन, एक अलाहाबादवरून आणि दुसरा नागपूरवरून. सुपेल्याच्या अभिमानास दुसरा पत्करणे सोयीचे, आणि त्यास हरकत घेणारे दप्तर माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्या यंत्रासमोर संतूर घेऊन शिवकुमार शर्मा, सरोद घेऊन आशिष खाँ, तारशहनाई घेऊन विनायक व्होरा आणि बासरी घेऊन एस. आर. केंकरे बसले. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर, भिंती ध्वनिरोधाच्या बाबतीत उदार. त्यामुळे सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या आणि जिन्यावरून कारकुनांच्या पावलांचा धडधडाट सुरू झाला, की मुद्रण थांबवावे लागे. रस्त्यावरच्या टॅक्सींना मात्र असे वेळापत्रक नसल्यामुळे त्यांचे आवाज फितीवर उमटून राहिले, आणि कान देऊन ऐकणाऱ्यास ते आजही सापडतात.

रीमास्टर करणारा कारागीर मूळ फीत नव्याने उतरवून घेतो, आवाजाची पातळी व खर्ज-तार यांचा तोल सावरतो, फितीची खरखर कमी करतो. परंतु जे वाद्य आणि जी मोटार एकाच पट्टीवर एकाच क्षणी उमटली, त्यांची फारकत करणे हे त्याचे कामच नव्हे. ती व्हावी असे मलाही वाटत नाही. निर्जंतुक केलेल्या संतूरवादनाला आज तोटा नाही. १९६८च्या फोर्टातील रहदारीचा इतका प्रामाणिक दस्तऐवज मात्र कोणत्याही सरकारी दफ्तरखान्याने मुद्दाम करून ठेवला नसता.

याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. कंठस्वर फेब्रुवारीत लंडनला चढवला गेला आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीवर ते बाजारात आले. २०१४च्या आवृत्तीत त्याचे कंठस्वराविना असलेले निराळे मुद्रण जोडले आहे, म्हणजे लंडनचा हिस्सा वगळून उरते ती निव्वळ मुंबई, आणि माझे मत विचाराल तर मूळ गीताहून तेच सरस आहे.