दिवाळे, लबाडी आणि विम्याचा एजंट

‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे दोन्ही शब्द दिव्याशी नाते सांगतात. देणी भागवणे आता शक्य नाही, हे जाहीर करण्यासाठी व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, अशी जुनी रूढी सांगतात. दिवसा लागलेला दिवा दिसला की सावकारांनी काय ते समजायचे. पत गेलेल्या माणसाने पुढे कोणता धंदा करावा आणि कोणता करू नये, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे.

तो माझ्यापुढे आला शेंद्र्यामुळे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना लागणारे हे गाव एके काळी मांगीरबाबाच्या यात्रेसाठी ओळखले जाई. पुढे इथे औद्योगिक वसाहत झाली, मग ‘ऑरिक’ आले. जमिनींचा मोबदला आणि कारखान्यांचे पगार हाती आले, तसे दारोदारी विम्याचे एजंटही आले. त्यांच्यातले काही जण स्वतःच कर्जात बुडालेले. ‘दिवाळे निघाले की एजन्सी गेलीच,’ असे त्यांच्या बोलण्यात मला अनेकदा ऐकू आले. हा समज कायद्याशी जुळतो का, हे पाहण्यासाठी मी मागे गेलो.

दिवाळखोरीसाठी इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांकरिता १९०९चा कायदा केला, उरलेल्या ब्रिटिश मुलखाकरिता १९२०चा. शेंद्रा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे दोन्हींच्या बाहेर. १९२०च्या मूळ कायद्यात पाचशे रुपयांचे देणे असले तरी नादारीचा अर्ज करता येई. नादार ठरलेल्याला दंडाधिकारी होता येत नसे आणि स्थानिक संस्थेत निवडूनही जाता येत नसे. तीच रेघ पुढे राज्यघटनेने ओढली. १०२ आणि १९१ या अनुच्छेदांनुसार अविमुक्त नादाराला, म्हणजे ज्याची नादारीतून अजून सुटका झालेली नाही अशा माणसाला, संसदेत वा विधिमंडळात बसता येत नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार त्याला संचालकही होता येत नाही.

एजंटाचे काय? १८७२च्या करार कायद्यातले २०१वे कलम मुद्दाम वाचावे असे आहे. एजन्सी कशाकशाने संपते, याची यादी त्यात आहे. मालक किंवा एजंट यांपैकी कोणीही मेला वा वेडा झाला तर ती संपते. दिवाळखोरीच्या बाबतीत मात्र नाव फक्त मालकाचे आहे. मालकाचे दिवाळे निघाले की एजन्सी आपोआप संपते, एजंटाचे निघाले तर नाही.

१९३८च्या विमा कायद्यातही हेच धोरण दिसते. एजंट कोणाला होता येणार नाही, हे ४२वे कलम सांगते : अज्ञान, न्यायालयाने वेडा ठरवलेला, अफरातफर, विश्वासघात, फसवणूक वा बनावट दस्तऐवज या गुन्ह्यांत दोषी ठरलेला. नादाराचा त्यात उल्लेख नाही. २०१५च्या दुरुस्तीने सरकारी परवान्याची पद्धत गेली आणि नेमणूक विमा कंपनीच्या हाती आली, तरी अपात्रतेच्या यादीत नादार शिरला नाही. कंपनी आपल्या मर्जीने एखाद्याला नेमणार नाही, ती गोष्ट वेगळी.

दिवाळ्यांचा खरा अनुभवही त्या काळी कंपन्यांचाच होता. १८७०च्या ‘बॉम्बे म्युच्युअल’पासून १९१३च्या साताऱ्याच्या ‘वेस्टर्न इंडिया’पर्यंत आपल्याकडे आयुर्विम्याच्या चांगल्या संस्था उभ्या राहिल्या, पण पुष्कळ बुडाल्याही. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राष्ट्रीयीकरण जाहीर केले. आधीच्या दशकात पंचवीस कंपन्या मोडीत निघाल्या होत्या, आणि आणखी पंचवीसांचा धंदा विमेदारांना तोटा सोसायला लावून इतरांकडे सोपवावा लागला होता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले.

मग कर्जबाजारी एजंटाला धोका कुठे? धोका आहे तो दुसऱ्याच्या हप्त्याला हात लावण्यात. कंपनीच्या वतीने घेतलेला हप्ता, कमिशन न कापता, चोवीस तासांत भरावा, असे ६४ व्हीबी कलम सांगते. त्यात सुट्ट्या धरत नाहीत. १९९७ साली हर्षद शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले, की महामंडळाच्या एजंटाला हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नाही, म्हणून त्याच्या हाती दिलेले पैसे महामंडळाला पोचले असे होत नाही. त्या प्रकरणात एजंटाने पैसे भरेपर्यंत विमेदार वारला होता. एजंटाच्या खिशात हप्ता चार दिवस फिरला, तर त्याची किंमत कोणाचे घर मोजते, हे यावरून कळावे. शिवाय गिऱ्हाईक मिळवण्यासाठी आपल्या कमिशनातून सूट देणे ४१व्या कलमाने गुन्हा आहे, आणि नेमक्या त्या सवयीने कित्येकांचे हिशेब तुटीत जातात.

नादारीत एजंटाची स्थिती कामगारापेक्षा बिकट असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमाने पगाराचा मोठा भाग जप्तीपासून वाचतो. एजंटाचे कमिशन हा पगार नव्हे. १९२०च्या कायद्याने तर सुटका होईपर्यंत नव्याने मिळालेली मिळकतही धनकोंसाठी जमा होते. मात्र त्याच ६०व्या कलमाने ऋणकोच्या आयुष्यावरील पॉलिसीची रक्कम जप्तीतून वगळली आहे. म्हणजे एजंटाचे कमिशन जाऊ शकते, पण त्याने स्वतःच्या नावे काढलेला विमा राहतो.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेने वैयक्तिक नादारीसाठी नवी व्यवस्था आखली. पण डिसेंबर २०१९मध्ये ती लागू झाली फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. शेंद्र्याचा एखादा एजंट मुलीच्या लग्नापायी वा बापाच्या आजारपणात बुडाला, तर त्याच्यासाठी अजून जुनाच मार्ग आहे. त्या मार्गाने कोणी सहसा जात नाही. नादार म्हणवून घेण्यापेक्षा लोक गाव सोडणे पत्करतात.

ही लाज मला समजते, पण कायद्याने तिला एजंटाच्या अपात्रतेत जागा दिलेली नाही. पैसा नसणे आणि दुसऱ्याचा पैसा खाणे, यांतला फरक त्याने जवळजवळ शतकभर जपला आहे. देण्यात बुडालेल्या एजंटाने तो ओळखला, तर धंदा सोडण्याची घाई होणार नाही. विमेदाराने ओळखला, तर हप्ता रोख हातात न देता थेट कंपनीत भरून पावती घेता येईल. पावती मागण्यात अविश्वास नाही. कर्जात असलेल्या प्रामाणिक माणसाला मोहापासून दूर ठेवायला तीच उपयोगी पडते.