बाटलीत काय आहे?

जर्मनीतल्या गीसेन गावातल्या एका केमिस्ट्री लॅबचं १८४२ सालचं चित्र आहे. शोधलंत तर मोबाइलवर लगेच सापडेल. लांब कोट आणि टोप्या घातलेले तरुण टेबलांभोवती उभे आहेत, मागे बाटल्यांनी भरलेली कपाटं आहेत. गॉगल एकाच्याही डोळ्यांवर नाही. आणि ज्याच्या नावामुळे ही लॅब जगभर गाजली, तो प्राध्यापक युस्टुस लीबिग चित्रात कुठेच नाही.

मी एफवाय बीएस्सीच्या मुलांचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल घेते. त्यांना हे चित्र दाखवलं की ती टोप्यांना हसतात. मला मात्र त्यात आमचीच बॅच दिसते. बारावीला ‘तुला कोणतं सॉल्ट आलं?’ म्हणत परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडलेला प्रत्येक जण त्या चित्रातल्या मुलांचा लांबचा नातेवाईक आहे.

लीबिगच्या आधी केमिस्ट्री शिकणं म्हणजे मुख्यतः बघणं. सर टेबलामागे उभे राहून जाळणार, उकळणार, रंग बदलून दाखवणार. मुलं बाकावर बसून लिहून घेणार. खरोखर हात चालवायला शिकायचं तर एखाद्या औषधवाल्याकडे उमेदवारी करायची, किंवा मोठ्या शास्त्रज्ञाच्या खासगी लॅबमध्ये शिरकाव मिळवायचा. गवयाच्या घरी राहून गाणं शिकावं तसा प्रकार. लीबिगला स्वतःला असं नशीब लाभलं होतं. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकने त्याला आपल्या लॅबमध्ये घेतलं. १८२४ साली तो गीसेनला प्राध्यापक झाला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि लॅबसाठी त्याला मिळाली सैनिकांच्या बराकीची जुनी चौकी.

विद्यार्थ्यांच्या हातात टेस्ट ट्यूब देणारा लीबिग पहिला नव्हे. गॉटिंगेनमध्ये स्ट्रोमायर आणि ग्लासगोमध्ये थॉमसन यांनी ते आधीच सुरू केलं होतं. लीबिगने त्याची पद्धत बसवली. जे एका गुरूने एका शिष्याला द्यायचं, ते डझनावारी मुलांना एकाच वेळी कसं द्यायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. गीसेनमध्ये नवख्या मुलांना आधी ओळखीच्या आणि मग अनोळखी पदार्थांच्या बाटल्या मिळत. आत काय आहे ते शोधा. ते जमलं की किती आहे ते मोजा. मग एखादा पदार्थ स्वतः तयार करा, आणि त्यानंतर तुमचं स्वतःचं संशोधन. नवख्यांकडे सहायक बघायचे. पुढच्या पायरीवरच्या मुलांना लीबिग काम नेमून द्यायचा आणि त्यांनी काय केलं, पुढे काय करणार, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचा.

मोजण्यासाठी त्याने १८३१ साली काचेच्या पाच फुग्यांचं एक उपकरण बनवलं. आत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड फुग्यांमधून जाऊ द्यायचा आणि फुग्यांचं वजन किती वाढलं ते बघायचं. जे काम आधी फक्त उस्तादांना जमायचं, ते आता मेहनती पण साधारण विद्यार्थ्यालाही जमू लागलं. माझ्या मते लीबिगचं सगळ्यात मोठं काम हेच. त्याच्या खतांबद्दलच्या पुस्तकाचं कौतुक मला जरा जास्तच झालेलं वाटतं.

अनोळखी बाटलीचा क्रम मात्र पक्का झाला तो १८४१ साली आलेल्या एका पुस्तकात. लेखक कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस जेमतेम २२-२३ वर्षांचा, म्हणजे आपल्याकडच्या एमएस्सीच्या वयाचा. पुढे तो लीबिगचा सहायक झाला. तुम्ही घोकलेला पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप, तिसरा ग्रुप हा वारसा तिथूनच येतो. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. चांदी, शिसं किंवा मर्क्युरस पारा असेल तर पांढरा पीपीटी खाली बसतो (पॉवरपॉइंट नव्हे, साका). तो गाळून मग सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडायचा.

कागदावर हे पाककृतीसारखं सोपं दिसतं. खरी गंमत शिशाची. लेड क्लोराइड पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे शिसं पहिल्या ग्रुपमध्ये अर्धमुर्धं सापडतं आणि उरलेलं दुसऱ्यात डोकं वर काढतं. पीपीटी बसला असं वाटलं तरी वरच्या नितळ पाण्यात आम्लाचा आणखी एक थेंब टाकून बघायचा. पुन्हा गढूळ झालं तर काम संपलेलं नाही. साका नीट धुतला नाही तर पुढच्या सगळ्या टेस्ट खोटं बोलतात. हे पुस्तकात वाचून येत नाही, बोटांत यावं लागतं. घाई करणाऱ्या मुलाला मी तोंडाने दहा वेळा सांगते. शिसं त्याला एकदाच सांगतं.

गीसेनची मुलं जगभर पांगली. ऑगस्ट हॉफमन १८४५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला. तिथला त्याचा विद्यार्थी विल्यम पर्किन. त्याने १८५६ साली, अठराव्या वर्षी, घरच्या लॅबमध्ये पहिला गाजलेला कृत्रिम जांभळा रंग काढला. ब्रिटिशांच्या कॉलेजांबरोबर ही पद्धत आपल्याकडेही आली. १८८९ साली एडिंबरोहून शिकून आलेले प्रफुल्लचंद्र राय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. मुंबईत सुरतेचे त्रिभुवनदास गज्जर होते. चापेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते काढायला शेवटी गज्जरच कामी आले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुकीचं रसायन लावलं असतं तर डागाबरोबर राणीचं नाकही विरघळलं असतं. पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. (पुढे गज्जरांनी गिरगावात स्वतःची लॅब काढली.)

पुढे या पद्धतीवर परीक्षेने कब्जा केला. आलेलं सॉल्ट बरोबर की चूक, हे दोन सेकंदांत तपासता येतं, म्हणून परीक्षकांना ते फार सोयीचं. हळूहळू मार्क शोधण्याला न राहता उत्तराला मिळू लागले. मग मुलंही हुशार झाली. आता व्हॉट्सॲपवर आदल्या बॅचची यादी फिरते: ७ नंबर निकेल, १४ नंबर बेरियम. जर्नलमध्ये निरीक्षणं उत्तरावरून उलटी लिहिली जातात आणि ती छान जुळतात. एचटूएस विषारी असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी बंद झाला किंवा अगदी थोडा वापरतात, ते चांगलंच झालं. पण बाटली आधीच ओळखीची असेल तर लीबिगच्या शाळेतली पहिलीच पायरी गळते, आणि उरतं ते नुसतं धुणं-भांडी.

म्हणून मी गेली काही वर्षं एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवते. नंबर दर वेळी बदलते. त्यात क्लोराइड सापडतं, सोडियम सापडतं, एकदा तर तांबंसुद्धा सापडलं. मागच्या सत्रात एका मुलीने सगळे ग्रुप दोनदा केले, टेस्ट ट्यूब पुन्हा धुतल्या आणि जर्नलमध्ये लिहिलं, ‘काही सापडलं नाही.’ मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, असं लिहिलं तर मार्क मिळतात का?”