सासऱ्याची छत्री आणि चौंडीची लेक

मिरजगावहून आम्ही बोलतोय. महिन्याची बैठक झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, की शेवटचा अर्धा तास आम्ही हिशेबाबाहेरचं बोलतो. या खेपेला विषय निघाला समाधीचा. आमच्यातल्या एका ताईंचे मालक गेल्या वर्षी गेले. शेताच्या बांधावर त्यांची समाधी बांधून झालीय, साधाच ओटा आहे, वर फरशी. आता वर्षश्राद्ध आलंय आणि भावकीत बोलणं चाललंय की समाधीवर पहिला दिवा दिरानं लावावा, विधवा बाईनं पुढं होऊ नये. ताई गप्प होत्या. मग आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "राजेलोकांच्या समाध्या कोण बांधत होतं गं? त्यांच्या बाया कुठं होत्या?"

त्या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या शेजारच्याच गावात आहे. मिरजगावहून चौंडी किती लांब? सीनेकाठचंच गाव. तिथल्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ ला अहिल्याबाई जन्मल्या. त्यांची देवळं, घाट, बारवा आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्यांनी सासऱ्याची समाधी बांधली, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं.

सासरे म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकर. नीराकाठच्या होळ गावचा, लहानपणीच बाप गेलेला, खानदेशात मामाकडं वाढलेला धनगराचा पोर. पुढं पेशव्यांच्या फौजेत चढत चढत माळव्याचा धनी झाला. २० मे १७६६ ला त्यांना मरण आलं ते ना होळला, ना इंदूरला. उत्तरेच्या स्वारीत, ग्वाल्हेरच्या पलीकडं आलमपूर नावाच्या गावी. आज ते मध्य प्रदेशात भिंड जिल्ह्यात येतं. तिथंच अहिल्याबाईंनी त्यांची छत्री उभी केली.

छत्री म्हणजे काय, हे सांगायला हवं. आपल्याकडं रायगडावर महाराजांची समाधी म्हणतात. तिकडं माळव्यात, राजस्थानात छत्री म्हणतात. यात कबरीसारखं पुरलेलं काही नसतं. दहन झालं त्या जागी किंवा आठवण म्हणून दगडी चौथरा, वर खांब आणि घुमट. आत मूर्ती किंवा महादेवाची पिंड, आणि रोजची पूजा. (नगरला डोंगरावर आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, ती खरी सलाबतखानाची कबर. बाई तिथं नाहीच, तरी नाव बाईचं राहिलं! आजी यावर खूप हसल्या.)

छत्री बांधून काम संपत नाही. पुजारी लागतो, तेलवात लागते, पडझड झाली तर गवंडी लागतो. हे दरसाल कोण देणार? म्हणून आलमपूरच्या भोवतालची गावं त्या छत्रीच्या खर्चासाठी होळकरांकडं राहिली. इंदूरहून शेकडो किलोमीटर लांब, चारी बाजूंनी दुसऱ्यांची राज्यं, आणि मधे होळकरांचा एवढासा मुलूख. स्वातंत्र्य मिळेपर्यंत तो तसाच होता.

आता मूळ गोष्ट. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून अहिल्याबाईंचे पती खंडेराव गेले. त्या सती जायला निघाल्या. त्यांना अडवलं ते मल्हाररावांनी. नुसतं अडवून घरात बसवलं नाही, तर कारभार हाती दिला. १७६५ च्या एका पत्रात त्यांनी सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडं जायला आणि दारूगोळ्याची व्यवस्था बघायला सांगितलंय. सासऱ्यानं विधवा सुनेला तोफा सोपवाव्यात! म्हणजे ज्यानं चितेवरून मागं आणलं, त्याचीच छत्री या बाईनं बांधली. पुढच्याच वर्षी, १७६७ मध्ये, मुलगा मालेराव गेला आणि राज्य त्यांनी स्वतः चालवायला घेतलं.

पैशाचंही सांगतो, कारण आपण बचत गटवाल्या. होळकरांकडं 'खासगी' नावाची वेगळी जहागीर होती. १७३४ साली पेशव्यांनी ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे दिली, उत्पन्न सुमारे तीन लाख. दौलतीचा खजिना वेगळा, बाईंची खासगी वेगळी. सासूमागून ती अहिल्याबाईंकडं आली, आणि देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी त्यातून केला. बाईच्या नावावर स्वतःचं उत्पन्न असलं की काय होतं, ते काशीपासून रामेश्वरापर्यंत दिसतं.

इथवर ऐकून एकीनं विचारलं, मग त्यांच्या लेकीचं काय झालं? खरं तेच सांगावं लागलं. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे महेश्वरला वारले. त्याआधी नातूही गेला होता. मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी पाया पडून विनवण्या केल्या, पण लेक ऐकली नाही. ज्या बाईचा शब्द सरदार मोडत नव्हते, तिला लेकीला अडवता आलं नाही. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढं जुन्या माणसांना विचारून हे लिहून ठेवलं. तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. मग त्यांनी मुलीजावयाच्या आठवणीत छत्री बांधली.

हे सांगताना आमचाच आवाज बसला. थोरामोठ्यांच्या गोष्टीतला हा भाग कार्यक्रमांत कुणी फारसा सांगत नाही. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, चौंडीला दरवर्षी गर्दी होते, भाषणं होतात. पण एकाच आयुष्यात सासऱ्यानं सुनेला वाचवलं आणि आईला लेक वाचवता आली नाही, हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय त्या बाई कळत नाहीत, असं आम्हाला वाटतं. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. महेश्वरच्या किल्ल्यात नर्मदेकाठी त्यांचीही छत्री आहे.

बैठक उठता उठता ताईंनी एवढंच विचारलं, "आलमपूरला पहिला दिवा कुणी लावला असंल?" ते कुणी लिहून ठेवलेलं आम्ही वाचलेलं नाही. आजी म्हणाल्या, "जिनं बांधली तिनं." वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. ताई म्हणतात, दिवा मी लावणार. सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत. आम्ही सगळ्या जणी सकाळी लवकर बांधावर जाणार आहोत, तेलाची बाटली आमच्याकडं आहे.