‘ओनार’ आणि ‘एनुप्निओन’

ग्रीक नव्या करारांत स्वप्नासाठीं ‘ओनार’ हा शब्द सहा वेळां येतो, आणि हीं सहाहि स्थळें एकट्या मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहेत. मरीयेचा स्वीकार कर, मिसर देशीं पळून जा, परत फीर, गालीलाकडे वळ, या चारहि प्रसंगीं योसेफाला मार्गदर्शन होतें तें ओनारांत. हेरोदाकडे पुन्हां जाऊं नये, ही सूचना मागी ज्ञान्यांना मिळते तीहि ओनारांतच. सहावें स्वप्न पिलाताच्या पत्नीचें.

ग्रीकांत दुसराहि एक शब्द आहे: ‘एनुप्निओन’, म्हणजे झोपेंत दिसणारें. त्यांतील ‘हुप्नोस’ (झोप) हा आपल्या ‘स्वप्न’ शब्दाचा सख्खा भाऊ. संस्कृतांतहि स्वप्न म्हणजे निद्रा असा अर्थ आहेच. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील स्वप्नशास्त्री आर्तेमिदोरस या दोन कुळांत भेद करतो. ‘ओनार’चा सगोत्र ‘ओनेइरोस’ भविष्य सुचवितो. एनुप्निओन मात्र देहमनाचा केवळ पडसाद. भुकेल्याला अन्न दिसावें, भित्र्याला भय दिसावें, तसें.

यावरून कोणी म्हणेल, मत्तयानें खऱ्या स्वप्नाचा शब्द जाणूनबुजून निवडला. परंतु हें अनुमान टिकत नाहीं. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत आलेक्सांद्रियेंत यहुदी धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर सुरू झालें. त्यांत याकोबपुत्र योसेफाचें स्वप्न, फारोच्या सात गाईंचें स्वप्न, नबुखद्नेस्सराचें स्वप्न, हीं सर्व एनुप्निओनच आहेत. आणि तीं सर्व खरीं ठरतात! प्रेषितांच्या कृत्यांत योएलाचें वचन सांगतांना पेत्रहि तोच शब्द योजतो. शास्त्रकारानें पोकळ ठरविलेला शब्द भक्तांच्या मुखीं ईश्वरी संदेशाचा वाहक झाला होता.

उलट, ‘कात् ओनार’ म्हणजे ‘स्वप्नानुसार’ ही मत्तयाची शब्दयोजना मूर्तिपूजक ग्रीकांच्या शिलालेखांतहि आढळते. स्वप्नांत देवाची आज्ञा झाली म्हणून उभारलेल्या वेदींवर ती कोरलेली असे. तेव्हां शब्दाच्या अंगीं सत्यतेची मोहोर नसते. अर्थ वापरणाऱ्यांच्या श्रद्धेंतून येतो.

मत्तयाची दृष्टि शब्दापेक्षां जाग आल्यानंतरच्या कृतीकडे आहे. योसेफ त्याच रात्रीं बालकाला व त्याच्या आईला घेऊन मिसरच्या वाटेला लागला. पिलाताला न्यायासनावर पत्नीच्या स्वप्नाचा निरोप पोहोंचला. त्यानें पाणी मागविलें आणि हात धुतले. दोन्हीं ठिकाणीं शब्द एकच होता, ओनार.