यंत्राला केलेली खूण

करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे आपल्या भाषेतले जुने शब्द. चार माणसांत बसून, एक अक्षर न बोलता, ज्याला कळायचे त्यालाच कळावे, ही त्या खुणांची खुबी. अशी खूण माणसाऐवजी यंत्राला करायची, तीही घरात आणि सर्वांदेखत, ही कल्पना शंभर वर्षांची असूनही दिवाणखान्यात रुजली नाही.

रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन ह्याने १९२० च्या सुमारास एक वाद्य घडविले. त्याला स्पर्श न करता नुसते हात हवेत हलविले, की सूर निघत. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९२९ मध्ये ते घरगुती वापरासाठी विक्रीस आणले. सुमारे ५०० नग निघाले. मंदी आडवी आली आणि वाजविणेही अवघड होते. पुढे १९५६ मध्ये झेनिथ कंपनीचा बिनतारी रिमोट आला, तो मात्र घरांनी सहज स्वीकारला. बटण दाबणारा अंगठा कोणाच्या नजरेत भरत नाही.

खरी कसोटी लागली ती नोव्हेंबर २०१० मध्ये. मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ अवरक्त किरणांच्या साहाय्याने खोलीतील माणसाच्या हालचाली ओळखी. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले. खेळताना वेडेवाकडे दिसण्याची मुभा असतेच. तिथे हातपाय झाडण्याचा कोणाला संकोच वाटला नाही. पण चित्रपट थांबविण्यासाठी वडीलधाऱ्यांसमोर टीव्हीला हात करणे निराळे. त्यातून, गप्पांच्या ओघात सहज हललेला हात यंत्राने आज्ञा समजावी, हा आणखी एक घोळ!

मे २०१३ मध्ये कंपनीने नव्या ‘एक्सबॉक्स वन’ला किनेक्ट जोडणे सक्तीचे केले. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेन ह्याने अमेरिकी सरकारची पाळत उघडकीस आणली. बैठकीच्या खोलीत डोळे-कान उघडे ठेवून बसलेल्या यंत्राविषयी आधीच असलेली शंका मग अधिकच बळावली. ऑगस्टमध्ये सक्ती मागे घेतली गेली, जून २०१४ पासून किनेक्टविना संच १०० डॉलरने स्वस्त मिळू लागला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादनच थांबले.

ह्या माघारीचे सारे खापर तंत्रावर फोडणे मला पटत नाही. विमानतळावरील नळाखाली आपण निःसंकोच हात धरतो. तिथेही स्पर्श नाही. परंतु हात धुताना जे करायचे, त्याहून वेगळे काही तो नळ आपल्याकडून करवून घेत नाही.